निर्ण्याच्या धुतलेल्या तुराट्या

आमच्या यंत्राच्या काचा मिठाच्या होत्या. हे ऐकलं की माणसं हसतात, म्हणतात, कायतरीच काय सांगताव. पण खरं आहे. साधी काच अवरक्त किरण गिळून टाकते, पलीकडं जाऊ देत नाही. मिठाच्या स्फटिकातून ते आरपार जातात. आणि मीठ म्हटल्यावर पावसाळ्यात त्याचं काय होतं ते कुठल्याही स्वयंपाकघरात विचारा. जून लागला की मी यंत्राच्या खोलीत दोन मोठे बल्ब सतत जळत ठेवायचो, खिडकीच्या फटींत कापूस कोंबायचो, आणि आत येणाऱ्याला सांगायचो, तोंड तिकडं करून बोला. बेंगळूरहून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यालाही मी हे सांगितलं होतं. ते बिचारे भिंतीकडं तोंड करून पाच मिनिटं बोलले.

गुलबर्ग्याच्या सरकारी प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. ह्या अंकाच्या संपादकांनी कळवलंय की नोकरीतल्या गमती लिहा, दिवाळीत वाचकाला हलकंफुलकं लागतं. त्यांचा शब्द राहावा म्हणून दोन गमती सांगतो. त्यानंतर जे लिहिणार आहे ते त्यांना छापावं वाटलं तर छापावं, नाहीतर परत पाठवावं. माझी हरकत नाही.

एक करडईच्या तेलाचा व्यापारी होता. समोरच्या दुकानदाराच्या तेलात भेसळ आहे, हे आमच्या यंत्राकडून त्याला वदवून घ्यायचं होतं. दोन बाटल्या घेऊन आला, एक त्याची, एक स्वतःची. मी दोन्ही लावल्या. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर रेघ रेघेवर बसली. म्हणजे भेसळ असली तर दोघांची सारखी. गडी दोन्ही बाटल्या पिशवीत घालून म्हणाला, "मशीन जुनं झालं वाटतं हे."

दुसरे एक हकीमसाब. चॉकलेटी रंगाची भुकटी घेऊन आले आणि अगोदरच अट घातली, "साब, इसमें क्या-क्या है सो नक्को बोलो. असली है, इत्ताच बोलो." मी म्हटलं, हकीमसाब, यंत्राला असली-नकली कळत नाही, काय-काय आहे एवढंच कळतं. ते फार नाराज झाले. त्यांच्या मते असलं यंत्र काही कामाचं नव्हतं, आणि आता मलाही अधूनमधून तसं वाटतं.

यंत्राला काय कळायचं ते सांगतो. झाडाचं लाकूड, काडी, पान हे सगळं अणूंच्या साखळ्यांचं बनलेलं असतं. दोन अणूंमधला जोड एका ठरलेल्या लयीत थरथरतो, आणि ज्या किरणाची लय त्याच्याशी जुळते तेवढा किरण तो शोषून घेतो. बाकीचा पलीकडं जातो. मग यंत्राची लेखणी कागदावर रेघ ओढत जाते आणि जिथं किरण कमी झाला तिथं खड्डा पडतो. कागदाच्या कडेला लयीचे आकडे असतात; पंधराशे दहाच्या आसपास खड्डा आला की ते लिग्निन, काडीला कडकपणा देणारा पदार्थ. हजार पन्नासच्या भोवती मोठी दरी आली की सेल्युलोज, ज्याची साखर होऊ शकते. त्यासाठी काडी दळायची, अकीक दगडाच्या खलात पोटॅशियम ब्रोमाईड नावाच्या क्षाराबरोबर मैद्यासारखी घोटायची आणि दाबयंत्रात दाबून तिची डाळीएवढी पारदर्शक चकती करायची. चकती जमणं हे हातचं कसब. माझ्या चकतीला तडा जात नसे. हा एवढा एक तोरा मला अजून आहे, तो राहू द्या.

ह्या काडीचा उद्योग आमच्याकडं आणला बिरादार सरांनी. सर हुमनाबादकडचे, बसवण्णांना मानणाऱ्या घरातले, घरी कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारे, आमच्या विभागाचे प्रमुख. तेलाच्या किमती वाढल्यापासून वरून एकच घोष चालला होता की मोटारीला चालेल असं इंधन घरच्या मालातून काढा. सर म्हणायचे, "आपल्याकडं काय पिकतंय? तूर. गुलबर्ग्याची डाळ सगळ्या मुलखात जाती. मग तुराट्या कुठं जायलात? चुलीत." तुराट्यांतल्या सेल्युलोजची आम्लानं साखर करायची, साखर आंबवून अल्कोहोल काढायचा, अशी योजना. कुठल्या गावची तुराटी चांगली हे रसायनांनी तपासायला एका नमुन्याला चार-चार दिवस लागत. आमच्या यंत्रावर तेच काम अर्ध्या तासात व्हायचं. म्हणून सरांनी पंधरा-वीस गावांतून नमुने मागवायचे ठरवले. ज्या गावची तुराटी उत्तम निघेल तिथं प्रायोगिक भट्टी बसणार होती.

प्रत्येक गावात नमुने गोळा करायला एक माणूस हवा होता, रोजंदारीवर. भट्टी बसली तर त्या गावचा माणूस तिथंच कायम होणार होता. बिदरकडच्या निर्णा गावासाठी मी सरांना नाव सुचवलं, सोनाबाई. सरांनी विचारलं, "कोण तुझी?" मी म्हटलं, "अक्का माझी. थोरली बहीण."

अक्काबद्दल थोडं सांगायला पाहिजे. आमचं मूळ घर बिदरच्या मैलूरमध्ये. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा मी चार-पाच वर्षांचा असेन, अक्का पंधराची. आईनं देव्हाऱ्यातले टाक विहिरीत सोडले तेव्हा मी रडलो होतो, अशी अक्का नेहमी चेष्टा करायची. आई लवकर गेली. मला न्हाऊ-माखू घालून शाळेत सोडणारी अक्काच. तिचं लग्न होऊन ती निर्ण्याला गेली, तिथं नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती लोकांच्या रानात खुरपायला जायची. मी सरकारी नोकरीला लागलो तेव्हा तिनं माझा हजेरीपट बघायचा हट्ट धरला होता. बिदरहून एसटीनं आली, मी कारकुनाला विनवून तो काढून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "हे रोज असंच राहतंय व्हय? उद्या आला न्हाईस तरी नाव राहतंय?" मी म्हटलं, राहतंय. तिला ते फार मोठं वाटलं. रानात एक दिवस गेलं नाही तर तिचं नाव कुठंच नसायचं.

तेव्हा भट्टीवर कायम होणं म्हणजे तिला काय होतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. तिनं चाळिशी ओलांडली होती. तिला आयुष्यात एकदा हजेरीपटावर राहायचं होतं.

तुरी निघाल्यावर माघात तिनं पहिला भारा आणला. एसटीच्या टपावर टाकून आणला, स्टँडवरून डोक्यावर. नियमाप्रमाणे अगदी बरोबर होता. मुळाकडच्या काळ्या मातीसकट, सालीसकट, जसा रानात होता तसा. नमुना असाच पाहिजे असतो. आमच्या इंग्रजी परिपत्रकात तसं छापलेलं होतं आणि मी ते वाचलेलं होतं, हे इथं स्पष्ट लिहितो. तिनं भारा ओट्यावर ठेवला. ओल्या मातीची ढेकळं पडली, त्यात कुठं शेणाचा पोह चिकटलेला. त्याच वेळी आमचे एक वरचे कारकून आत आले. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि मला विचारलं, "ही घाण कुठल्या वस्तीवरनं आणलीस?"

बाकीच्या गावांचे भारेही तसेच मातीचे होते. त्यांना कुणी वस्ती विचारली नव्हती.

अक्का बाजूलाच उभी होती. तिनं पदरानं ओटा पुसायला सुरुवात केली. मला जे वाटलं ते राग होता का लाज होती, हे मला आजही नीट सांगता येत नाही, दोन्ही असावं. ह्या प्रयोगशाळेत माझ्या वस्तीतला मी पहिला. मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचो, बाकीचे चुरगळलेले घालून आले तरी चालायचं. पेला धुतलेला असला तरी पुन्हा धुऊन चहा प्यायचो. आपल्या हातून गेलेली वस्तू जरा मळकी दिसली की बोट आपल्या जातीकडं जातं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. कारकून गेल्यावर मी अक्काला व्हरांड्यात नेलं आणि म्हणालो, "पुढच्या बारीला धुऊन आण. साल निघायली तर काढ. सरळ-सरळ बघून आण."

ती म्हणाली, "पण कागदावर जशाच्या तशा आणा म्हणलाय की. तूच वाचून दावलास."

मी म्हटलं, "मी सांगायलोय न्हवं?"

"बरं," म्हणाली. तो पहिला भारा मी मागच्या अंगणात टाकून दिला. यंत्रावर लावलाच नाही.

त्यानंतर निर्ण्याचे नमुने असे यायला लागले की बघत राहावं. पांढऱ्याशुभ्र, सोललेल्या, एकसारख्या लांबीच्या काड्या, धुतलेल्या धडप्यात गुंडाळलेल्या. सर एक काडी हातात घेऊन म्हणाले, "शंकर, तुमच्या निर्ण्याची तूर काय वेगळीच दिसायली बघ." मी चकत्या केल्या, आलेख काढले. सेल्युलोजची दरी बाकी सगळ्या गावांपेक्षा खोल. लिग्निन कमी. सर खूश झाले.

मला मात्र आलेखात एक गोष्ट खटकली. बाकी प्रत्येक गावच्या कागदावर छत्तीसशे वीसच्या जवळ एक बारीक दात यायचा. तो मातीचा. तुराटी कितीही झटकली तरी काळी माती तिच्या चिरांत राहते आणि यंत्र ती दाखवतं. आमच्या काळ्या मातीत चुनखडीही असते, तिचाही एक लहान खड्डा पुढं यायचा. निर्ण्याच्या कागदावर दोन्ही नव्हते. सालीतल्या मेणाचा खड्डाही अगदी उथळ. ज्याला आलेख वाचता येतो त्याच्यासाठी ह्याचा अर्थ एकच होता, आणि तो वाचता येणारी माणसं त्या इमारतीत दोनच, एक सर आणि एक मी. सर तेव्हा अहवालाच्या गडबडीत नुसते आकडे बघत होते. दात आहे का नाही हे बघणं माझं काम होतं.

मी स्वतःची समजूत घातली. धुतल्यानं सेल्युलोज काही नवीन तयार होत नाही, आहे तेच दिसतं. भट्टीवर काय, धुऊन घालतील. असं काय-काय.

एप्रिलमध्ये जयंतीला मी निर्ण्याला गेलो. वस्तीत निळ्या पताका लागल्या होत्या, पोरं लाऊडस्पीकर बांधत होती. अक्काच्या दारात दगडी डोणीत तुराट्या भिजत घातलेल्या. त्या दिवसांत गावच्या विहिरीला पाणी तळाला गेलेलं, दोन घागरी भरायला तासभर लागायचा. ती भल्या पहाटे जाऊन तुराट्यांसाठी निराळ्या दोन घागरी आणायची. तीन दिवस भिजवायच्या, मग नखानं साल काढायची, मग धडप्यावर सावलीत वाळवायच्या, कारण उन्हात पिवळ्या पडतात. तिच्या अंगठ्याची नखं मुळापर्यंत गेली होती. शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, "तुझी अक्का स्वतः बिनआंघोळीची राहती पण तुराट्यांला आंघोळ घालती बघ."

अक्का हसली. म्हणाली, "हसू दे त्यांला. साहेब काय म्हणले? चांगल्या हाईत म्हणले का?"

मी म्हटलं, "एक नंबर म्हणले."

"मग? उगं करायलेय व्हय मी?"

तिथं सांगायला हवं होतं. त्या दिवशी सांगितलं असतं तर फार तर सर चिडले असते, नमुने पुन्हा आणावे लागले असते, निर्णा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर गेलं असतं. पण ती ज्या तोंडानं माझ्याकडं बघत होती त्या तोंडाला काय सांगणार? आणि पहिला अहवाल बेंगळूरला गेला होता. मी पुरणपोळी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

भट्टी निर्ण्याला मंजूर झाली. गावाच्या बाहेर पत्र्याची शेड उभी राहिली, आत एक मोठं पोलादी पिंप, खाली जाळ, बाजूला आंबवायच्या टाक्या. कायम व्हायच्या माणसांच्या यादीत अक्काचं नाव चढलं, मंजुरी पहिल्या चाचणीनंतर यायची होती. तिनं शेडच्या दारात झाडून सडा घातला. सरांनी तिला विचारलं, "सोनाबाई, आता तुराट्या किती लागतील ठाऊक हाय का? गाडीनं लागतील." ती म्हणाली, "मग धुवायला लई बाया लागतील, अण्णा." सर हसले. त्यांना वाटलं ती चेष्टा करतेय. मी पिंपाच्या मागं उभा होतो, पुढं आलो नाही.

चाचणीला बेंगळूरचे लोक आले. तुराट्या अर्थातच बैलगाड्यांतून आल्या, मातीसकट, सालीसकट. गाड्या भरून तुराट्या कोण सोलणार? तुकडे करून पिंपात घातल्या, पातळ आम्ल सोडलं, जाळ घातला. आमच्या मातीतली चुनखडी आम्ल खाऊन बसली. साखर व्हायला आम्लच उरलं नाही. पुन्हा जास्त आम्ल घातलं तेव्हा थोडी साखर झाली, पण सालीतला तुरट अंश उतरल्यानं यीस्ट मेलं, आंबणं बंद पडलं. चौथ्या दिवशी टाकी उघडली तर नुसता काळा, आंबट वास मारणारा रेंदा. बेंगळूरचे साहेब रुमाल लावून बाहेर गेले.

सर खचले होते, पण ते अभ्यासू माणूस. त्याच आठवड्यात त्यांनी गाडीतली एक तुराटी आणून मला चकती करायला सांगितली. मी केली. लेखणी छत्तीसशे वीसला आली आणि कागदावर दात पडला. सरांनी निर्ण्याचा जुना कागद काढून त्यावर ठेवला, खिडकीशी धरला. मग म्हणाले, "शंकर, तुला हे दिसलं न्हवतं का?"

मी म्हटलं, "न्हाई सर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना पटलं असेल असं मला वाटत नाही, पण त्यांनी दोन्ही कागद फायलीत लावले.

चौकशी झाली. सरांच्या खोलीत एक अधिकारी, सर, मी आणि अक्का. अधिकारी कन्नडमध्ये विचारायचे. अक्काला कन्नड येत होतं, पण कचेरीतलं नाही. सर मराठीत सांगायचे. तिनं नवं लुगडं नेसलेलं होतं. तिला वाटलं होतं की कायम करायला बोलावलंय. हे मला तिनं आत येताना विचारलंही होतं, "सही करावं लागंल का रे? अंगठा चालंल न्हवं?"

साहेबांनी विचारलं, तुराट्या तू धुतल्यास का? तिनं अभिमानानं सांगितलं, व्हय, तीन-तीन दिवस भिजवून. साल काढलीस का? काढली की, नखानं. तिचा चेहरा अजून खुललेला होता. मग सर हळू आवाजात म्हणाले, "अक्का, नमुना धुवायचा नसतो. त्यानंच सगळं चुकलं बघ. धुवायला कुणी सांगितलं तुला?"

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, डोळ्याला डोळा लागला एवढंच. मी समोरच्या फायलीकडं बघायला लागलो. एक वाक्य बोलायचं होतं, "मी सांगितलं, सर." तोंडाला कोरड पडली होती असं मी बायकोला नंतर सांगितलं. खोटं आहे. तोंडाला काही झालेलं नव्हतं. मी न बोलायचं ठरवलं होतं.

अक्का म्हणाली, "कुणी न्हाई सांगितलं. माझ्या मनानंच केले मी."

"कामून?" सरांनी विचारलं.

"मळकं देऊ वाटंना, अण्णा."

साहेबांनी ते लिहून घेतलं. तिनं अंगठा दिला. सरकारची दिशाभूल केली म्हणून तिचं नाव यादीतून काढलं आणि पुन्हा कुठल्याही कामावर घेऊ नये असा शेरा मारला. सर तिच्यासाठी दोन शब्द बोलले, त्यांचं कुणी ऐकलं नाही. पुढं सहा महिन्यांत योजना गुंडाळली, सरांची धारवाडला बदली झाली. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, "चकत्या मात्र तुझ्यासारख्या कुणाला जमल्या न्हाईत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौकशीच्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. बिदरची गाडी लागायला वेळ होता. मी म्हटलं, "अक्का, तू खोटं कामून बोललीस?"

ती गाडी कुठून येते तिकडं बघत होती. म्हणाली, "तुझं काम गेलं असतं. माझं तर आजून लागलंच न्हवतं."

मी रडायला लागलो, स्टँडवर, माणसांत. तिनं मला गप केलं नाही. लहानपणी मी रडलो की ती पहिल्यांदा नाक पुसायची, मग कारण विचारायची. त्या दिवशी तिनं दोन्ही केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "नुसतं एवढं सांग, पाण्यानं कसं काय बिघडतंय? पाण्यानं तर चांगलं होतंय सगळं." मी तिला आम्ल, चुनखडी, साल सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, "मला पयलंच असं सांगितला असतास तर तशाच आणल्या असत्या की रे. मला काय धुवायची हौस होती का?" गाडी आली, ती चढली. खिडकीतून हात केला का नाही ते आठवत नाही. बहुतेक नाही.

ती परत खुरपायला जायला लागली. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो, साखर, चहापत्ती न्यायचो. ती घ्यायची, जेवायला घालायची, माझ्या पोरांची नावं घेऊन चौकशी करायची. गुलबर्ग्याला मात्र पुन्हा आली नाही. मी बोलावलं की म्हणायची, बघू की. मला प्रमोशन मिळालं तेव्हा कळवलं, तर निरोप आला की लई बरं झालं. ती चिडली असती, चार माणसांत माझं नाव घेऊन शिव्या दिल्या असत्या, तर मी कदाचित सरांना धारवाडला पत्र लिहिलं असतं. चार वेळा मायना लिहून ठेवला होता. पुढं काय लिहायचं हे ठाऊक होतं, तरी कागद तसेच राहिले.

नव्वद साल लागायच्या आधीच ती गेली. खोकला होता, अंगावर काढला. निरोप येऊन मी पोचलो तोवर मूठमाती झाली होती.

पुण्यानुमोदनाला मी बायको-पोरांसह गेलो. वंदना झाली, चार जण तिच्याबद्दल बोलले. ती किती कष्टाळू होती, किती स्वच्छ राहायची. मग पंगत बसली. माझ्या शेजारी निर्ण्याचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते, वस्तीतलेच, शाळेत शिपाई होते. मला म्हणाले, "तुराट्याच्या टायमाला आम्ही तिला लई बोललो, भाऊ. गावची भट्टी तिच्यामुळं गेली म्हणून पोरं तिला धुणारी म्हणायली. पण तुमच्यावर एक शब्द येऊ दिली न्हाई तिनं. आम्ही म्हणायचो, तुझा भाऊ तिथं मोठ्या मशीनवर, त्यानं तरी सांगायचं की. तर म्हणायची, त्यो लई सांगायचा, धू नको अक्का, धू नको म्हणून. मीच अडाणी, मीच ऐकले न्हाई."

बुंदी वाढणारा समोर येऊन थांबला होता.

"तुम्ही सांगितलाव म्हणा तिला," ते गृहस्थ म्हणाले. "तुमच्याकडनं तर काय कसूर न्हाई."

आजूबाजूचे दोघं-तिघं जेवायचं थांबून माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. व्हय म्हणालो. आणि पत्रावळ पुढं सरकवून बुंदी वाढून घेतली.